माईणकर मास्तरांचे चढउतार

सांगलीत कुणालाही रविवारी सायकल घेऊन गावाबाहेर पडायची हुक्की आली, की तो आधी नारायण माईणकर मास्तरांच्या दारात येई. मास्तर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत. पोट किती सुटलंय, सायकल स्वतःची की भाड्याची, घरी सांगून आलाय की गुपचूप, एवढं विचारून झालं की त्याच्या पदरात एक रस्ता टाकत. "तुम्ही हरिपूर. सपाट आहे, सावली आहे, पडलात तरी माती मऊ आहे." "तुम्हाला तासगाव झेपेल. चढ आहे, पण माणसाचा अपमान करणारा नाही." आणि वर हेही सांगत, की मी स्वतः निम्मे चढ सायकल ढकलतच चढतो, तेव्हा माझ्याकडे बघून काही ठरवू नका.

ऐकणारा हसे आणि मोठ्या माणसाचा विनय म्हणून सोडून देई. मास्तरांची खरी पंचाईत तिथंच होती. ते शंभर टक्के खरं बोलत होते आणि गावात एकाचाही त्यावर विश्वास नव्हता.

या सगळ्याची सुरुवात झाली सत्तर साली, डॉक्टरांमुळे. मास्तर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि हायस्कुलात भूगोल शिकवत होते. सह्याद्रीचे घाट फळ्यावर काढताना त्यांचा खडू कधी अडखळला नव्हता, पण त्यातल्या एकाही घाटाला त्यांचे पाय लागले नव्हते. कृष्णा नदी ते महाबळेश्वरापासून सांगलीपर्यंत एका दमात वाहवत आणत. स्वतः मात्र घरापासून शाळेपर्यंत येताना दोनदा थांबत, आणि थांबलो हे कुणाला कळू नये म्हणून वाकून चपलेचा अंगठा नीट करत. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, काहीतरी हालचाल करा."

मास्तरांनी जुनी काळी बावीस इंची सायकल घेतली. आधीच्या मालकाने तिच्या कॅरिअरवरून बहुधा गूळ वाहिला असावा, कारण उन्हाळ्यात तिला मुंग्या लागत. लहानपणी मिरजेत दांडीखालून पाय घालून ते सायकल शिकले होते, त्या भरवशावर पहिल्याच रविवारी ते हरिपूरच्या रस्त्याला लागले. हा रस्ता म्हणजे सांगलीकरांचं अंगणच. दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, पलीकडे शेतं, शेवटी नदीकाठचं देऊळ. शाळेतली पोरं तो रस्ता हात सोडून पार करत. मास्तरांच्या समोर एक म्हैस आली. ते घंटी वाजवत राहिले. म्हशीला घंटीचा अर्थ कळेना आणि मास्तरांना ब्रेक आठवेना.

रस्त्याकडेच्या चिखलातून त्यांना ज्या माणसाने वर ओढलं, तो म्हशीचा मालक होता. हंबीरराव शिंदे. हरिपूरला मळा, फौजेतून हवालदार होऊन आलेला, उंच, पांढऱ्या मिशांचा गडी. रोज सकाळी सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तो सांगलीत रतीब घाली. मास्तरांना उभं करून झाल्यावर त्याने आधी म्हशीकडे पाहिलं.

"म्हशीला लागलं न्हाई नव्हं?" त्याने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग काय काळजी न्हाई. तुमी काय, मास्तर मानूस."

या वाक्याचा नेमका अर्थ काय, यावर मास्तरांनी पुढे बराच विचार केला. पण त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. दर रविवारी रतीब उरकला, की हंबीरराव किटल्या काढून ठेवत आणि दोघं निघत. हंबीररावांच्या अंगात ताकद भरपूर होती; रस्त्यांची माहिती मात्र अजिबात नव्हती. फौजेत त्यांनी लडाखपर्यंत मजल मारली होती, पण ट्रकमध्ये मागे बसून. तरीही कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वळणावर मास्तरांनी धापा टाकत विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आवं मास्तर, पुढं उतारच हाय." आणि पुढे दर वेळी चढ असे.

भूगोलाचा शिक्षक आणि लडाख पाहिलेला हवालदार, दोघांनी मिळून जिल्ह्यातला एकेक रस्ता असा चुकत चुकत शिकून घेतला. भिलवडीकडे नदीच्या काठाकाठाने, उसातून जाणारा रस्ता मास्तरांना इतका सोपा वाटला, की त्यांनी गुऱ्हाळावर थांबून रस प्यायला, वर गरम काकवी खाल्ली, आणि मग त्यांना तिथंच पाचटावर झोप लागली. हंबीररावांनी त्यांना आणि त्यांच्या सायकलीला उसाच्या रिकाम्या बैलगाडीत घालून परत आणलं. तासगावच्या रस्त्यावर नवे नवे द्राक्षमळे उभे राहत होते. तिथल्या चढावर मास्तर अर्ध्यातून उतरले आणि मळेवाल्याने त्यांना घड विकत घ्यायला आलेला व्यापारी समजून चहा पाजला. खानापूरच्या माळावर चेन तुटली. आठ मैल ढकलत यावं लागलं आणि त्या आठ मैलांत हंबीररावांनी तीनदा उतार कबूल केला.

अशा रीतीने रस्त्यांच्या पायऱ्या आपोआप ठरत गेल्या. जिथं मास्तर नुसते पडले, तो रस्ता पोरासोरांचा. जिथं उतरून ढकलावं लागलं, तो संसारी माणसाचा. जिथं बसून रडावंसं वाटलं, तो ज्याची घरी कुणी वाट बघत नाही त्याचा. मास्तर ही विभागणी शिक्षकांच्या खोलीत स्वतःची टिंगल म्हणून सांगत. ऐकणाऱ्यांनी तिचं शास्त्र करून टाकलं. वर्षभरात लोक सल्ला विचारायला यायला लागले.

मास्तर खरे तोंडावर आपटले ते जतच्या रस्त्यावर, आणि तिथं ते सायकलवरून पडलेही नव्हते.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी होता. पाऊस सलग दगा देऊन गेला होता. मास्तरांनी पेपरात दुष्काळाबद्दल वाचलं होतं, वर्गात सांगितलंही होतं. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा फळ्यावर लिहिले होते, की डोळे मिटूनही सरळ रेषेत लिहिता आले असते. त्या शब्दांत छाया आहे म्हणून असेल, पण तिकडे इतकं ऊन असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नकाशावर रस्ता सपाट दिसत होता, तेव्हा त्यांनी तो मनातल्या मनात पोरासोरांच्या रस्त्यांत घालूनही टाकला होता.

पहाटे निघाले. मिरज गेली, ऊस संपला. कवठेमहांकाळ मागे पडलं तशी झाडंही संपली. मग समोरून, पूर्वेकडून, वारा सुटला. हिवाळ्यात वारे कुठून कुठे वाहतात याचे बाण मास्तरांनी नकाशावर हजारदा काढले होते. त्या बाणांना एवढा जोर असतो याची त्यांना कल्पना नव्हती. एका जागी हंबीररावांचा उतार चक्क खरा निघाला आणि त्या उतारावरही पायडल मारावं लागलं. बरोबर आणलेली पाण्याची बाटली कवठेमहांकाळच्या आधीच संपली होती.

दुपारच्या सुमाराला रस्त्याकडेला दुष्काळी काम चाललेलं दिसलं. पंधरा-वीस बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या. पलीकडे बाभळीच्या काटक्यांना घोंगडं अडकवून सावली केलेली, तिच्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेली घागर. मास्तर सायकलवरून उतरले ते जवळजवळ त्या घागरीच्या दिशेनेच.

ओळीतली पहिली बाई म्हातारी होती. तानुबाई तिचं नाव. तिने हातोडा खाली ठेवला.

"कुठनं आलासा?"

"सांगलीहून."

"सायबानं धाडलंय व्हय, काम बघाय?"

"नाही."

"मग हिकडं कुनाचं मयत झालंय?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. "सहज आलो. सायकल चालवायला."

तानुबाईने त्यांच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, ज्या रस्त्याने ते आले त्या मोकळ्या माळाकडे पाहिलं. मग शेजारणीकडे वळून ती कन्नडमध्ये काहीतरी बोलली. ते ओळीतून पुढे पुढे सरकत गेलं आणि बायांनी तोंडाला पदर लावले. मास्तरांना कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, पण अर्थ विचारायची गरज भासली नाही.

मग म्हातारीने उठून तांब्याभर पाणी दिलं. मास्तर ते गटागटा प्यायले. तोंड पुसलं आणि काही विचार न करता तांब्या पुन्हा पुढे केला. तिने तो पुन्हा भरला. तो संपल्यावर तिने हंबीररावांपुढे धरला, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आक्का, मला तहान न्हाई." त्यांचे ओठ फुटले होते. मास्तरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पहिल्यांदाच घागरीत पाहिलं. तळाला चार बोटं पाणी होतं.

"टँकर कधी येतो?" त्यांनी विचारलं.

"परवा येनार हुता," तानुबाई म्हणाली. "यील."

मास्तरांना आपल्या पोटातलं पाणी जड वाटायला लागलं. पैसे द्यावेत तर कसे द्यावेत कळेना. परत द्यायला पाणी नव्हतं. शेवटी त्यांनी म्हातारीचा हातोडा उचलला आणि तिच्या जागी बसून खडी फोडायला सुरुवात केली. हंबीररावही दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. लडाखात त्यांनी काय केलं असेल नसेल, दगड मात्र त्यांचा सटासट फुटत होता. मास्तरांचा दगड जागच्या जागी फिरत होता. बोट चेचलं, चष्म्यावर कपची उडाली, आणि बराच वेळ खपून त्यांच्यापुढे जो ढीग झाला, त्यातला निम्मा दगड दगडच राहिला होता.

तानुबाईने तो ढीग पायाने सारखा केला. "उठा आता," ती म्हणाली. "तुमी फोडल्यालं आमालाच परत फोडाय लागंल."

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता. सायकली आपसूक पळत होत्या.

त्या आठवड्यात मास्तरांना झोप धड लागली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी हंबीररावांच्या दुधाच्या किटल्या नदीकाठच्या विहिरीवर भरून घेतल्या, सायकली एस.टी.च्या टपावर चढवल्या, किटल्या दोघांच्या पायांशी धरल्या आणि कवठेमहांकाळपर्यंत बसने गेले. तिथून पुढे किटल्या सायकलला लटकवून निघाले. भरल्या किटल्यांनी सायकल कशी चालते हे हंबीररावांना ठाऊक होतं. मास्तरांना ते वाटेत दोनदा कळलं, आणि दोन्ही वेळा थोडं पाणी धुळीला मिळालं.

खडीच्या कामावर पोचले तेव्हा तिथं टँकर उभा होता. आदल्या दिवशीपासून पाणी यायला लागलं होतं. बाया रांगेत घागरी भरत होत्या. तानुबाईने मास्तरांना ओळखलं. किटलीचं झाकण काढून तिने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला दुधाचा वास मारतोय," ती म्हणाली. "पन टाकाय नको. मेंढरांस्नी चालंल."

माळावरून तिच्या पोराची मेंढरं आली, उरलंसुरलं पाणी एका घमेल्यात ओतलं आणि मेंढरांनी ते बघता बघता संपवलं. आपल्या आयुष्यातलं एकुलतं एक समाजकार्य मेंढरांनी पिऊन टाकलं, असं मास्तर पुढे सांगत. पण त्या दिवशी तानुबाईने दोघांना भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, आणि या वेळी त्यांच्यासाठी तांब्या भरला, तेव्हा मास्तरांनी एकच घोट घेऊन तो खाली ठेवला. यानंतर जतचा रस्ता विचारायला कुणी आलं, की ते आधी तानुबाईची हकीकत सांगत, मग म्हणत, "स्वतःचं पाणी स्वतः वाहून नेणार असाल तर जा. नाहीतर हरिपूर काय वाईट आहे?"

हकीकत सांगितल्याने मास्तरांची लाज कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच. दुष्काळात माणसांसाठी सायकलवरून पाणी नेणारे मास्तर म्हणून त्यांचं नाव मिरजेपर्यंत गेलं. मेंढरांचा भाग लोक सोयीने गाळत.

शहात्तरच्या डिसेंबरात, आता रविवारी त्यांच्याबरोबर यायला लागलेल्या सात-आठ जणांनी वाईच्या पसरणी घाटाचा घाट घातला. वाईपर्यंत बस, तिथून पाचगणीपर्यंत सायकल. मास्तर तयार झाले, कारण ढकलत जायला त्यांची हरकत नव्हती. अडचण आली ती घरातून. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणाल्या, "मीही येते. तुम्ही घाट चढा, मी बसने वर जाऊन डबे घेऊन थांबते. एकदा बघू तरी द्या, सगळं गाव एवढं काय बोलतं ते."

इथं मास्तरांच्या लक्षात आलं, की चढ ढकलत चढतो हे आपण साऱ्या सांगलीला सांगितलंय आणि घरात सांगायचं राहून गेलंय.

घाट सुरू झाला. तरुण मंडळी पायडलांवर उभी राहून पहिल्या वळणाआड दिसेनाशी झाली. हंबीररावही मागोमाग गेले. मास्तर पहिला चढ बसून चढले, दुसरा उभं राहून, आणि तिसऱ्याला सज्जनपणे खाली उतरले. दोन्ही हातांनी हँडल धरून, टोपी मागे सरकवून ते ढकलत निघाले. तेवढ्यात मागून बस गुरगुरत आली. ती इतकी सावकाश पुढे गेली, की खिडकीतल्या गोदावरीबाईंना नवऱ्याकडे पुरेपूर बघून घ्यायला वेळ मिळाला. मास्तरांनी नमस्कार करावा तसा एक हात वर केला.

पुढच्या वळणावर बस उभी होती. इंजिनातून वाफ येत होती, ड्रायव्हर पाणी शोधायला गेला होता, आणि गोदावरीबाई डब्यांची पिशवी घेऊन रस्त्याकडेला उभ्या होत्या.

"बस तापली," त्या म्हणाल्या.

"मीही," मास्तर म्हणाले.

"नेहमी असंच ढकलत जाता?"

"चढ असला की."

"आणि गाव म्हणतं ते?"

"गावाला मी पहिल्यापासून खरं सांगतोय. गाव ऐकत नाही."

"मला नव्हतं सांगितलंत."

तू विचारलं नव्हतंस, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "लाज वाटली," ते म्हणाले.

गोदावरीबाईंनी पिशवी हँडलला अडकवली, पदर कमरेला खोचला आणि मागे जाऊन कॅरिअरला हात लावला. "चला," त्या म्हणाल्या. "बस सुरू होईपर्यंत कुठं उन्हात उभी राहू."

दोघं ढकलत निघाले. एका वळणावर दम खायला थांबले. खाली वाईची देवळं, शेतांचे तुकडे आणि मधून गेलेली कृष्णा दिसत होती. मास्तरांनी घसा साफ केला आणि नदीच्या खोऱ्याची रचना सांगायला सुरुवात केली. गोदावरीबाईंनी पहिली चार वाक्यं ऐकून घेतली.

"ते तुमच्या मुलांना सांगा," त्या म्हणाल्या. "मला नुसतं बघू द्या जरा."

मग मास्तरही नुसतं बघत राहिले. वर्गात हीच नदी काढताना आपण तिचं एक मोठं वळण कायम चुकीच्या बाजूला काढत आलो, हे त्यांना तिथं दिसलं. त्यांनी ते बायकोला सांगून टाकलं. एकदा कबुली द्यायला बसल्यावर त्यांचा हात मोकळा झाला होता. गोदावरीबाई इतक्या हसल्या, की त्यांना दगडावर बसावं लागलं.

बस काही आली नाही. दोघं पाचगणीला पोचले तेव्हा मंडळी केव्हाची येऊन झाडाखाली पसरली होती.

"वैनी, तुमी चालत?" हंबीरराव उठून उभे राहिले.

"बस बंद पडली," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी एकटी रस्त्यावर राहिले म्हणून हे सायकलवरून उतरले, आणि माझ्याबरोबर चालत आले."

मास्तर म्हणाले, "असं काही नाही. मी त्याच्या आधीच—"

"बघा," एक तरुण दुसऱ्याला म्हणाला. "कबूलसुद्धा करत नाहीत."

मास्तरांनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. कुणी ऐकलं नाही. गोदावरीबाई शांतपणे डबे उघडत होत्या. धपाटे वाढताना त्यांनी नवऱ्याच्या ताटात एक जास्तीचा ठेवला आणि वर मान करून पाहिलंही नाही.

उतरताना मंडळी सायकलींवर सुसाट सुटली. मास्तरांना चढाइतकीच उताराची भीती वाटे, म्हणून त्यांनी आपली सायकल एस.टी.च्या टपावर चढवली आणि बायकोशेजारी जाऊन बसले. कंडक्टर तिकीट फाडत आला.

"वरची सायकल कुनाची?"

"माझी."

"अहो, आता तर नुसतं बसून राह्यचं काम हाय. चालवत का न्हाई गेलात?"

"तिला उतारावर भोवळ येते," मास्तर म्हणाले.

कंडक्टरने संशयाने गोदावरीबाईंकडे पाहिलं. "बाईंना?"

"नाही, सायकलला."

गोदावरीबाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते. बस पहिल्या वळणाला वळली, चाकांखालून दरी डोकावली, आणि मास्तरांनी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी जी धरली, ती वाई येईपर्यंत सोडली नाही.